पऱ्हाटी, अळी आणि फवारणारा : एका वावरातली तीन भावंडं



यवतमाळच्या माणसाला कापूस समजावून सांगण्याचं धाडस मी करणार नाही. फक्त एक प्रश्न विचारतो. सरकीवरचा एक तंतू चिमटीत धरून ओढला, तर हातात किती पेशी येतात? उत्तर आहे, एक. अडीच-तीन सेंटिमीटर लांबीचा तो धागा म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. फूल उमलतं त्या सुमारास ती वाढू लागते आणि दोन-तीन आठवडे लांबत राहते. पेशी लांबायची तर तिचं पटलही लांबायला हवं. त्यासाठी लागणारा माल पेशीच्या आत तयार होतो, सूक्ष्म पिशव्यांत भरला जातो आणि कडेला पोचवला जातो. तिथे पिशवीचं आवरण पटलात मिसळतं आणि आतला माल बाहेर पडतो.

हीच वाहतूक बोंडअळीच्या पेशीत चालते, तुमच्या-माझ्या पेशीतही चालते. जिवाणूंमध्ये अशी व्यवस्था नसते. ती सांभाळणारी प्रथिनं आली कुठून, हा आजचा विषय.

मुख्य काम दोन प्रथिनकुळांचं. पहिलं रॅब. पुसदच्या गाडीवर पुसदची पाटी आणि वणीच्या गाडीवर वणीची, तसा पिशवीवरचा रॅब तिचा मुक्काम सांगतो. दुसरं स्नेअर. या कुळातली काही प्रथिनं पिशवीवर असतात, काही समोरच्या पटलावर. ती एकमेकांभोवती पीळ घालतात आणि त्या ओढीने दोन्ही पटलं एक होतात. काम झाल्यावर हा पीळ उकलावा लागतो, नाहीतर पुढच्या पिशवीसाठी सुटी प्रथिनं उरत नाहीत. उकलणाऱ्या प्रथिनाचं नाव एनएसएफ.

एनएसएफच्या कथेत आपल्या मुंबईचा एक माणूस आहे. ओबेद सिद्दिकी १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी तिथे रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. पुढे अमेरिकेत सेमूर बेन्झर यांच्यासोबत त्यांनी अशा फळमाश्या शोधल्या, ज्या एरवी ठणठणीत असत आणि उष्णता वाढवली की लुळ्या पडत. त्यांतला एक वाण थंडाव्यात परत आणला तरी लवकर शुद्धीवर येईना. म्हणून त्याला ‘कोमाटोज’ म्हणू लागले. हे काम १९७६ मध्ये प्रसिद्ध झालं. माशीत नेमकं काय बिघडलंय, ते मात्र तेव्हा कळलं नाही.

तिकडे बर्कलीत पीटर नोविक आणि रँडी शेकमन यांनी १९८० मध्ये यीस्टचे असेच उष्णतेत अडखळणारे वाण जमवले. त्यांतून वाहतुकीची २३ जनुकं हाती लागली. जेम्स रॉथमन यांनी हॅमस्टरच्या पेशींतून एनएसएफ वेगळं केलं होतं. १९८९ मध्ये दिसलं, की ते आणि यीस्टमधलं ‘सेक-१८’ या जनुकाचं प्रथिन म्हणजे एकच वस्तू! आणि १९९५ मध्ये कोमाटोज माशीचं कोडं सुटलं. तिचंही एनएसएफच बिघडलेलं होतं. ते उष्णतेत काम सोडतं, न उकललेले पीळ साचतात, मज्जातंतूचा निरोप थांबतो आणि माशी पडते. शेकमन, रॉथमन यांना टॉमस स्यूडहॉफ यांच्यासह २०१३ चं नोबेल मिळालं.

यीस्ट, माशी आणि हॅमस्टर यांच्यात एकच प्रथिन असेल, तर ते तिघांच्या समाईक पूर्वजात असणार. त्याहून मागच्या, कपाशी, यीस्ट आणि प्राणी या सगळ्यांच्या दीड-दोन अब्ज वर्षांपूर्वीच्या पूर्वजाकडे वीसेक रॅब असावेत, असा हिशेब आहे. जनुकाची चुकून दुसरी प्रत निघते. जुनी प्रत काम सांभाळते, म्हणून नवीला बदलायला मोकळीक मिळते. रॅबची कुळं अशीच फुटत गेली. आज माणसात साठाहून अधिक रॅब आहेत आणि यीस्टमध्ये ११. म्हणजे यीस्टने वडिलोपार्जित इस्टेट विकूनही खाल्ली. उत्क्रांतीत कमाई असते, तशी उधळणही असते. याहून मागची खूण २०१५ मध्ये उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रतळाच्या गाळात सापडली. तिथल्या लोकिआर्किया या सूक्ष्मजीवांच्या जनुकसंचात रॅबशी नातं सांगणारी पुष्कळ जनुकं होती.

आता परत वावरात येऊ. बीटी कपाशीतलं विष अळीच्या आतड्यातल्या पेशींवरच्या कॅडहेरिन प्रथिनाला चिकटतं. ते प्रथिन त्या रूपात आपल्या आतड्यात नाही, म्हणून अळी मरते आणि आपल्याला काही होत नाही. भारतात बीटी कापूस २००२ मध्ये आला. २०१० मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटी विषाला दाद देत नसल्याचं जाहीर झालं. अळीने केलं काय? भारतातल्या अळ्यांत कॅडहेरिनची जनुकं मोडतोड झालेली सापडली. चीनमधल्या एका वाणात तर कॅडहेरिन तयार होत होतं, पण पृष्ठभागापर्यंत पोचतच नव्हतं. ते पेशीच्या आतल्या जाळ्यातच अडकून पडे. वाहतुकीतला बिघाड अळीच्या पथ्यावर पडला. उत्क्रांती अशी आपल्या डोळ्यांदेखत चालू असते.

याउलट मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही औषधं घ्या. मज्जातंतूच्या टोकाशी पिशव्या पटलात मिसळतात आणि असिटिलकोलीन हे निरोप नेणारं रसायन बाहेर पडतं. ते लगेच मोडणारं विकर ही औषधं बंद पाडतात. निरोप थांबायचं नावच घेत नाही. हे विकर किड्यात आहे, आणि माणसातही आहे. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. तेव्हा फवारल्या जाणाऱ्या औषधांत या कुळातलीही औषधं होती. मजुराने काळजी घेतली नाही, एवढं म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. जे विष समाईक वारशावर घाव घालतं, ते किडा आणि माणूस यांत भेद करेलच असं नाही.

म्हणून उत्क्रांतीचा अभ्यास मला कृषिकेंद्राच्या काउंटरवरही कामाचा वाटतो. कोणतंही नवं औषध आलं, तर दोन प्रश्न विचारा. हे कोणत्या प्रथिनावर बसतं? ते प्रथिन आमच्यात आहे का? दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल, तर त्या औषधाची परवानगी, विक्री, अंगभर संरक्षक कपडे आणि गावाजवळ अ‍ॅट्रोपिनसारख्या उताऱ्याची सोय यांचा विचार औषध बाजारात येण्याआधी व्हायला हवा. उत्तर ‘नाही’ असेल, तर अळी त्यातून किती हंगामांत वाट काढेल, हे विचारायला विसरू नका.