रस्त्याचें पाणी आणि झाडाचें आळें

अमेरिकेच्या ॲरिझोना संस्थानांत, सोनोराच्या वाळवंटांत वसलेलें टूसॉन हें शहर थोड्याच श्रोत्यांच्या ऐकण्यांत असेल. तेथें वर्षाकाठीं पाऊस पडतो अवघा सुमारें ११ इंच. आपल्या माणदेशासारख्या दुष्काळी टापूंतहि याहून अधिक पडतो. त्यांतील जवळजवळ निम्मा उन्हाळ्याच्या उत्तरार्धांत, गडगडाट करीत, थोड्या दिवसांत कोसळून जातो. आणि नवल असें कीं, तेथील लोकहि त्याला ‘मॉन्सून’ असेंच म्हणतात.

अशी सर आली म्हणजे टूसॉनचे रस्ते घटकाभर ओढ्यासारखे वाहतात आणि लगेच कोरडे पडतात. याचें कारण रस्त्यांच्या घडणींतच आहे. दोन्ही बाजूंस दगडी वा सिमेंटचा उंच कांठ, मध्यें उतार. पाणी शक्य तितक्या त्वरेनें गांवाबाहेर घालवावयाचें, हाच नियम. आणि त्याच रस्त्यावरील गृहस्थ दुसऱ्या दिवशीं नळ सोडून अंगणांतील हिरवळ भिजवावयाचा. ती हिरवळ तरी कसली? बहुतेक आपली हरळीच!

हें नळाचें पाणी येतें कोठून? प्रथम विहिरींनीं भूमीच्या पोटांतील पाणी इतकें उपसलें कीं, शहराजवळून वाहणारी सांताक्रूझ नदी कोरडी पडली. पुढें कोलोराडो नदीचें पाणी आणणारा कालवा खोदण्यांत आला. तो १९९३ सालीं पुरा झाला. त्याची लांबी ३३६ मैल, आणि वाटेंत पंपांच्या साह्यानें पाणी एकंदर सुमारें २,९०० फूट वर चढवावें लागतें. त्या नदीवर २०२१ सालीं इतिहासांत प्रथमच अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि २०२२ पासून ॲरिझोनाच्या वांट्यास कात्री लागली. दारीं आलेला पाऊस हांकून द्यावा आणि शेंकडों मैलांवरील नदी विजेच्या बळावर चढवून आणावी, असा हा व्यवहार होय.

पाणी वांचविण्यासाठीं अनेकांनीं हिरवळ उखडून अंगणांत खडी पसरली व दोन-चार निवडुंग लावले. पाणी वांचलें खरें. परंतु सावली गेली, आणि दिवसभर तापलेली खडी रात्रीं उशिरापर्यंत आंच टाकूं लागली. ज्या गांवीं उन्हाळ्यांत पारा शंभर अंशांच्या वर चढतो, तेथें हा उपाय रोगाहून फारसा बरा म्हणतां येत नाहीं.

खरी वाट दाखविली ती दूरच्या एका आफ्रिकी शेतकऱ्यानें. झेफनाया फिरी हा झिंबाब्वेंतील झ्विशावाने येथील रहिवासी. तेव्हांच्या ऱ्होडेशियांत, गोऱ्या सरकारविरुद्ध राजकारण केल्याबद्दल, १९६४ सालीं त्याची रेल्वेची नोकरी गेली. हातीं उरली साडेसात एकरांच्या आसपास झिजलेली जमीन आणि पोसावयाचें मोठें कुटुंब. पाऊस पडतांना पाणी कोठून येतें, कोठें धांवतें, कोठें माती नेतें, हें तो पाहत राहिला. माथ्यावरील खडकाखालीं त्यानें कोरड्या दगडांच्या ताली रचल्या आणि पाणी वाहून नेणाऱ्या चरांतच खोल खड्डे खणले. चरांचें कामच पालटलें. पाणी घालविण्याऐवजीं ते जिरवूं लागले.

टूसॉनचे ब्रॅड लँकेस्टर १९९५ सालीं या फिरींना जाऊन भेटले. त्यांनीं व त्यांच्या भावानें आदल्याच वर्षीं डनबार-स्प्रिंग नांवाच्या वस्तींत लहानसें घर घेतलें होतें. परत आल्यावर हीच युक्ति त्यांनीं आपल्या रस्त्यास लावली. रस्त्याचा उंच कांठ हातभर कापावयाचा आणि त्यामागें झाडासाठीं आळें करावयाचें, एवढेंच तें काम. प्रारंभीं तें कायद्याला धरून नव्हतें. पुढें नगरपालिकेनेंच त्यास मान्यता दिली.

यांत महत्त्वाची गोष्ट एकच, आणि बागवान नेमके तेथेंच चुकतात. शोभेसाठीं ते उंचवटा करून त्यावर झाड लावतात. पाणी, पालापाचोळा व माती तिन्ही घसरून रस्त्यावर येतात. आळ्याचा तळ रस्त्याहून वीतभर खोल हवा. मग आळें भरलें कीं, उरलेलें पाणी आपोआप पुढच्या आळ्याकडे वळतें. मात्र खोड पाण्यांत बुडूं नये, म्हणून रोप आळ्यांतील किंचित् उंच पायरीवर लावतात. तळाशीं पाचोळ्याचा जाड थर असला म्हणजे भूमि भुसभुशीत राहते. पाणी एका दिवसांत जिरलें पाहिजे, नाहींतर डांसांची पैदास व्हावयाची. आणि घराच्या पायापासून आळें दहा फूट तरी दूर असावें.

छपरावरील पाण्याचा हिशेबहि लक्षांत घेण्याजोगा आहे. हजार चौरस फुटांच्या छपरावर इंचभर पाऊस पडला तर सुमारें २,३६० लिटर पाणी होतें; वर्षाच्या ११ इंचांचें सुमारें २६,००० लिटर. त्यांतील कांहीं वाटेंत जाईल, तरीहि एवढ्यासाठीं हौद बांधणें खर्चाचें आहे. जमीन हा त्याहून मोठा, फुकटचा हौद. २००८ सालीं टूसॉनच्या नगरपालिकेनें असा नियम केला कीं, नव्या व्यापारी इमारतींच्या बागांस लागणारें निम्मे पाणी पावसाचें असावें. तो २०१० पासून अंमलांत आला. घरगुती कामासहि २०१२ पासून पैशाची मदत देऊं करण्यांत आली.

या आळ्यांत झाडें लावतात तीं त्याच वाळवंटांतील. त्यांत मेस्कीट मुख्य. आपल्याकडे माजलेल्या वेड्या बाभळीची ही सख्खी बहीण. पण तेथें ती आपल्या घरची आहे, म्हणून उपद्रवी ठरत नाहीं. तिच्या गोड शेंगांचें पीठ तेथील मूळचे तोहोनो ओओडम लोक पिढ्यान् पिढ्या खात आले. सरीनंतर ओढ्यांच्या मुखाशीं पसरणाऱ्या पाण्यावर शेतें पिकविण्याची विद्याहि त्यांचीच. डनबार-स्प्रिंगच्या रहिवाशांनीं १९९६ पासून दरवर्षीं झाडें लावण्याचा क्रम सुरू केला. त्यांच्या शेंगा गोळा होऊं लागल्या, तेव्हां त्या दळण्यासाठीं एक फिरती गिरणीहि वस्तींत आली.