वाढतीं मुलें आणि आईबाप

जालना जिल्ह्यांतील तीर्थपुरी ज्या घनसावंगी तालुक्यांत आहे, त्याच तालुक्यांत जांब हें समर्थ रामदासांचें जन्मगांव आहे. १६०८ सालीं जन्मलेल्या नारायणाची कथा त्या भागांत सर्वांना ठाऊक आहे. परंतु ती संताची कथा म्हणून सांगितली जाते, एका आईची म्हणून क्वचितच.

परंपरा अशी, कीं वडील सूर्याजीपंत वारल्यावर कांहीं वर्षांनीं घरांत नारायणाच्या लग्नाचीं बोलणीं सुरू झालीं. मुलगा विषय टाळूं लागला. तेव्हां राणूबाईंनीं त्याच्याकडून वचन घेतलें, कीं अंतरपाट धरीपर्यंत त्यानें नकार देऊं नये. मुलानें वचन अक्षरशः पाळलें. अंतरपाट धरला गेला, 'सावधान' हा शब्द कानीं पडला आणि बारा वर्षांचा नारायण मांडवांतून निघून गेला. मायलेकरांची पुन्हां भेट झाली ती चोवीस वर्षांनीं. तोंवर आईची दृष्टि गेली होती.

राणूबाईंचें प्रेम उणें होतें असें कोण म्हणेल? त्यांनीं मुलाचें वचन घेतलें, मन मात्र विचारलें नाहीं. वाढत्या मुलांच्या घरांत आजहि पुष्कळदां हेंच घडतें. "अभ्यास झाला का?", "कोठें गेला होतास?" या प्रश्नांना उत्तरें मिळतात, पण तीं त्या वचनासारखींच, शब्दापुरतीं खरीं.

पांच वर्षें लाड करावे, पुढें दहा वर्षें शिस्त लावावी आणि सोळावें लागतांच मुलाशीं मित्रासारखें वागावें, असें एक जुनें सुभाषित सांगतें. सोळाव्या वर्षाची ही मर्यादा उशिराची ठरते. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका अभ्यासांत २२० मुलामुलींच्या दिनक्रमाच्या नोंदी तपासल्या गेल्या. पांचव्या इयत्तेपासून बारावीपर्यंत कुटुंबासमवेत जाणारा वेळ जागेपणाच्या शेंकडा ३५ वरून १४ वर उतरला. परंतु आईशीं किंवा वडिलांशीं एकट्यानें घालविलेला वेळ घटला नाहीं. आणि आरंभींच्या वर्षांतील रुसवेफुगवे सरल्यावर थोरल्या मुलांना घरच्यांच्या सहवासांत पुन्हां बरें वाटूं लागलें.

म्हणजे मूल घराच्या गर्दीतून दूर जातें, तें आईबापांपासूनच जातें असें नाहीं. चारचौघांत गप्प बसणारा मुलगा बापाबरोबर बाजाराच्या वाटेनें चालतांना बोलतो. मुलगी आईबरोबर भाजी निवडतांना मन मोकळें करते. त्या वेळीं उपदेशाची घाई न करतां ऐकून घेणें, आणि न पटणारी गोष्टहि पुरती सांगूं देणें, एवढें वडीलधाऱ्यांच्या हातीं असतें. हें बाराव्या-तेराव्या वर्षीं जमलें, तर सोळाव्या वर्षीं मुद्दाम मित्र व्हावें लागत नाहीं. ती मैत्री आधींच झालेली असते.