परक्या शहरांतील बस

परदेशीं राहून आलेला मनुष्य बोलावयास बसला म्हणजे तो आतां राजवाडे, संग्रहालयें आणि नदीवरील पूल यांचें वर्णन करणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी लंडनमध्यें सात वर्षें राहिलों आणि तीं सारीं स्थळें मींही पाहिलीं. परंतु त्या शहराची खरी ओळख तुम्हांला कोठें झाली, असें कोणी विचारलें, तर मी तेथील लाल रंगाच्या दुमजली बसकडे बोट दाखवीन. आठ दिवसांसाठीं येणारा प्रवासी शहर पाहतो. जो तेथें बिऱ्हाड करून राहतो त्याला रोज सकाळीं बस गांठावी लागते. आपल्या परकेपणासह चारचौघांत मांडीला मांडी लावून बसण्याचा प्रसंग त्याला प्रथम येतो तो तेथेंच.

'बस' हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे कीं, तो मूळचा आपला नव्हे, हेंही आपण विसरून गेलों आहोंत. त्याची कुळकथा मोठी मौजेची आहे. लॅटिन भाषेंत 'ऑम्निबस' म्हणजे 'सर्वांसाठीं'. १८२९ च्या जुलै महिन्याच्या ४ तारखेस जॉर्ज शिलिबियर या गृहस्थानें लंडनमध्यें पॅडिंग्टनपासून बँकेच्या चौकापर्यंत तीन घोड्यांची उतारूंची गाडी सुरू केली आणि फ्रान्समध्यें रूढ झालेलें हें नांव तिला दिलें. पुढें लोकांनीं घाईघाईनें मूळ शब्द गाळून टाकला व शेवटचा विभक्तिप्रत्यय तेवढा ठेवला. संस्कृत जाणणाऱ्या श्रोत्यांस 'सर्वेभ्यः' या रूपांतील 'भ्यः' आठवेल. लॅटिनमधील 'बस' आणि आपला 'भ्यः' हे एकाच कुळांतील प्रत्यय होत. म्हणजे आपण रोज धांवत जाऊन पकडतों ती चतुर्थी विभक्ति होय! परंतु शिलिबियरच्या गाडीचें भाडें एक शिलिंग होतें; मजुरी करणाऱ्याला तें कोठून परवडणार? नांव सर्वांसाठीं आणि जागा मात्र कांहींसाठीं, अशी तिची सुरुवात झाली. त्या प्रत्ययाचा अर्थ खरा करण्यासाठीं कोणाकोणाला झटावें लागलें, तें मला एका पावसाळी संध्याकाळीं प्रथम कळलें. तेंच आज सांगावयाचें आहे.

आधीं तेथील रीत थोडक्यांत सांगतों. थांब्यावर एक खांब असतो आणि त्याच्या माथ्यावर तांबडें वर्तुळ व त्यांतून गेलेली आडवी पट्टी. खालीं बसमार्गांचे क्रमांक आणि पुष्कळदां वर एक इंग्रजी अक्षर. हें अक्षर फार महत्त्वाचें. कारण मोठ्या चौकांत एकाच नांवाचे पांचसहा थांबे असतात, आणि चुकीच्या अक्षराखालीं उभा राहिलेला नवखा मनुष्य आपली बस समोरून निघून जातांना पाहत राहतो. बस दिसतांच हात दाखवावा, पुढच्या दारानें चढावें, मधल्या दारानें उतरावें. आपल्याकडे चिमट्याची टिकटिक करीत गर्दींतून वाट काढणारा जो कंडक्टर असे, तो तेथें आतां नाहीं. ड्रायव्हरजवळच्या पिवळ्या यंत्रावर कार्ड टेकविलें कीं काम झालें. हीं कार्डें २००३ सालीं निघालीं आणि २०१४ च्या जुलैपासून बसमध्यें रोख पैसे घेणें बंदच झालें. अंतर कितीही असो, भाडें एकच. आणि २०१८ पासून तासाभरांत कितीही बसगाड्या बदलल्या तरी एकाच भाड्यांत भागूं लागलें. भुयारी रेल्वेपेक्षां हें भाडें कमी. म्हणून कचेऱ्या झाडणारे, हॉटेलांत भांडीं घांसणारे, रुग्णालयांतून रात्रपाळी करून परतणारे, असे सारे बसमध्यें भेटतात. उतरावयाचें असेल तेव्हां दांडीवरील तांबडें बटण दाबावें. पुढच्या थांब्याचें नांव एका बाईचा मुद्रित आवाज आधींच सांगत असतो.

हें सर्व मीं पाठ केलें होतें. परंतु पाठ केलेली विद्या प्रसंगीं किती उपयोगी पडते, तें ऐका.

मी गेलों तो नोव्हेंबर महिना होता, साल २०१४. तिकडे त्या दिवसांत दुपारीं चार वाजतांच अंधार पडतो. पहिल्याच पंधरवड्यांत एका संध्याकाळीं मी वरच्या मजल्यावर अगदीं पुढच्या बांकावर बसलों होतों. कांचेवरून पाणी वाहत होतें आणि मी खालच्या दिव्यांची गंमत पाहत होतों. अर्ध्या वाटेंत त्या आवाजानें कांहीं निराळेंच सांगितलें. माझें तिकडे लक्ष नव्हतें. भोंवतालचीं माणसें उठून खालीं गेलीं. थांबा आला असेल, असें मला वाटलें. थोड्या वेळानें निम्मे दिवे मालवले आणि खालून ड्रायव्हरची हांक आली. मी जिन्यानें खालीं आलों. तो जें बोलला त्यांतील एकही शब्द मला उमगला नाहीं. मीं पुन्हा विचारलें. त्यानें तेंच वाक्य पुन्हा सांगितलें, पहिल्याहून जलद. शाळेंत इंग्रजीचें बक्षीस मिळविलेला मी, पण तिसऱ्यांदा विचारण्याचा मला धीर झाला नाहीं. मान डोलावून मी उतरलों. बस रिकामीच निघून गेली. मी कोठें आहें तें मला कळेना, आणि खिशांतील फोन केव्हांच निपचित पडला होता.

थांब्याच्या छपराखालीं एक वृद्ध कृष्णवर्णी बाई उभ्या होत्या. त्यांनीं माझ्याकडे एकवार पाहिलें आणि सावकाश, एक एक शब्द सुटा करून म्हटलें, "ती बस पुढें जाणार नव्हती, बाळ. तिचें शेवटचें ठिकाण बदललें होतें. तुला कोठें जायचें आहे?"

मीं ठिकाण सांगितलें. तिकडे जाणारी दुसरी बस यावयास अवकाश होता. मध्यंतरीं त्यांची स्वतःची बस आली. त्यांनीं ती जाऊं दिली. मी संकोचून जा म्हणालों, तर त्या नुसत्या हंसल्या. मग त्यांनीं आपल्या वडिलांची हकीकत सांगितली. त्यांचे वडील बार्बाडोस बेटांतून लंडनला बसचे कंडक्टर होऊन आले होते. पहिल्या हिवाळ्यांत हातमोजे घातले तर नाणीं मोजतां येत नसत आणि काढले तर बोटें वळत नसत. कांहीं उतारू भाड्याचे पैसे त्यांच्या तळहातावर न ठेवतां बांकावर ठेवीत. काळ्या हाताला हात लागूं नये म्हणून. "तरी बाबांना तें काम आवडे," त्या म्हणाल्या. "ते म्हणत, सगळ्या शहरांत तूं कोण, तूं कोठला, असेंच विचारतात; बसमध्यें मात्र मीच विचारतों, आणि एवढेंच विचारतों कीं, कोठें जायचें?" माझी बस आली तेव्हां दारांत उभ्या राहून त्यांनीं ड्रायव्हरला माझा थांबा बजावून सांगितला. मीं त्यांचें नांवही विचारलें नाहीं.

घरीं आल्यावर मीं त्या काळाची माहिती मिळविली. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या बसगाड्यांना माणसें मिळेनात, म्हणून १९५६ पासून तेथील वाहतूक खात्यानें थेट बार्बाडोसमध्यें नोकरभरती सुरू केली. पण सगळीकडे असें नव्हतें. ब्रिस्टल शहरांत १९६३ पर्यंत बस कंपनी कोणाही वेस्ट इंडियन किंवा आशियाई माणसाला ड्रायव्हर अथवा कंडक्टर म्हणून घेत नसे, आणि कामगार संघाच्या स्थानिक शाखेचाही या बंदीला पाठिंबा होता. भाडें भरून बसण्यास मज्जाव नव्हता. भाडें घेण्यास होता. गाय बेली नांवाच्या तरुणाची मुलाखत ठरली. तो वेस्ट इंडियन आहे, असें कळतांच ती रद्द झाली. तेव्हां पॉल स्टीफन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंतील माँटगोमेरी शहराचा कित्ता डोळ्यांपुढें ठेवून बसगाड्यांवर बहिष्कार पुकारला. एप्रिलच्या अखेरीस सुरू झालेला हा लढा २८ ऑगस्टला संपला व कंपनीनें बंदी उठविली. योगायोग असा कीं, त्याच दिवशीं वॉशिंग्टनमध्यें मार्टिन ल्यूथर किंग यांचें तें विख्यात भाषण झालें. १७ सप्टेंबरला ब्रिस्टलच्या बसवर पहिला गौरेतर कंडक्टर चढला. तो आपल्याच देशांतून गेलेला एक शीख होता, नांव रघबीरसिंग.

तरी प्रत्ययाचा अर्थ पुरा झालाच नव्हता. १९६७ सालीं वुल्व्हरहॅम्प्टन येथें तरसेमसिंग संधू हे ड्रायव्हर दाढी राखून व पगडी बांधून कामावर आले, तर त्यांना घरीं परत पाठविण्यांत आलें. ती बंदी उठावयास १९६९ चा एप्रिल उजाडला. याच सुमारास, १९६५ व १९६८ सालीं, वंशभेदाविरुद्धचे कायदे पार्लमेंटनें संमत केले. त्यांपैकीं दुसऱ्यानें नोकरी व घर यांबाबतचा भेदभाव बेकायदा ठरविला. मी परका असूनही निर्धास्तपणें ज्या बांकावर बसलों होतों, तो बांक मला कोणी आयता दिला नव्हता. माझ्याआधीं आलेल्या परक्यांनीं तो मिळविला होता.

२०२० च्या साथीच्या दिवसांत हें मला पुन्हा जाणवलें. घरीं बसून काम करणें ज्यांना शक्य होतें ते सारे घरीं राहिले. बस मात्र चालूच होती. कांहीं आठवडे पुढचें दार बंद ठेवून मधल्या दारानें उतारूंना घेत, आणि भाडें घेतलें जात नसे. त्या रिकाम्या रस्त्यांवरून रुग्णालयांच्या परिचारिका, झाडूवाले आणि दुकानांतील नोकर कामावर जात होते; त्यांत कोणत्या देशाचा मनुष्य नव्हता? त्या वर्षीं लंडनमधील कित्येक बस ड्रायव्हर मृत्यु पावले, आणि त्यांतले अनेक आपल्यासारखेच परमुलखांतून आलेल्यांचे वंशज होते. ज्यांना एकेकाळीं बसवर चढूं देण्याची कांकूं झाली, त्यांनींच शहर चालतें ठेवलें.

आतां एक कबुली द्यावयाची आहे. ती दिल्यावांचून हें भाषण पुरें होणार नाहीं.

आपल्या मुंबईंत पहिली मोटारबस धांवली ती १९२६ च्या १५ जुलैला, आणि १९३७ मध्यें दुमजली बस आली. लंडनच्या त्या लाल बसमध्यें बसलों कीं मला दादर आठवे, यांत नवल नाहीं. परंतु त्या पावसाळी रात्रीं मला जें दादर आठवलें तें निराळें होतें. परदेशीं जाण्यापूर्वीं दोनतीन वर्षांची गोष्ट. मी दादरच्या थांब्यावर उभा होतों. दक्षिणेकडचा एक मजूर हातांत कागद घेऊन आला. कागदावर एका रुग्णालयाचें नांव इंग्रजींत लिहिलें होतें; बहुधा दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलेलें. त्याला मराठी येत नव्हतें, हिंदीही जेमतेम. कोणती बस, असें तो खुणेनें विचारीत होता. मीं क्रमांक सांगितला नाहीं, येणाऱ्या बसच्या कपाळाकडे बोट करून म्हणालों, "लिहिलें आहे कीं वर, वाचा." आपल्या बसच्या पुढच्या पाटीवर क्रमांक देवनागरी अंकांत असे, इंग्रजी अंक बाजूला. तो त्या पाटीकडे पाहत राहिला. बस आली, मी चढलों. तीच त्याची बस होती. ती सुटली तेव्हां तो कागद हातांत धरून तेथेंच उभा होता. रुग्णालयांत त्याचें कोण होतें, तें मीं विचारलें नाहीं. मुक्कामीं पोंचेपर्यंत मी त्याला विसरूनही गेलों.

पाटी मराठींत होती, यांत दोष नव्हता. आपल्या शहरांत आपली भाषा असावयाचीच. दोष माझा होता. मला वाचतां येत होतें आणि त्याला येत नव्हतें, एवढ्या एका गोष्टीनें मी घरचा झालों आणि तो परका झाला. त्या रात्रीं लंडनच्या थांब्यावर मीच तो कागद हातांत धरून उभा होतों. फरक इतकाच कीं, माझ्यासाठीं कोणीतरी आपली बस जाऊं दिली.

आतां मी परत आलों आहें. थांब्यावर कोणी वर पाहत, गोंधळून उभा असलेला दिसला, तर मी त्याला तो कोठला हें विचारीत नाहीं. जवळ जातों आणि कोठें जायचें, एवढेंच विचारतों.