भेगाळलेल्या टाचा

मार्च २०१८मध्ये नाशिकहून शेतकऱ्यांचा मोर्चा सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईत आला, तेव्हा वर्तमानपत्रांत माणसांच्या पायांची छायाचित्रं छापून आली. सोललेले, फुटलेले तळवे. शहरातली माणसं पाणी आणि चपला घेऊन रस्त्यावर उभी राहिली. एरवी पाय कोण बघतो? आम्हा कवींच्या ओळींतसुद्धा डोळे, ओठ आणि केस यांची गर्दी; पाय आलेच तर पैंजणासाठी. टाच तर नाहीच. म्हणून आज टाचेबद्दलच बोलावं म्हणतो.

श्रोतेहो, तळपायाच्या कातडीत घामाच्या ग्रंथी भरपूर असतात, पण तेलाच्या ग्रंथी मुळीच नसतात. त्यात टाचेची कातडी जाड. आपण उभे राहिलो की शरीराच्या भाराने टाचेखालची चरबीची गादी बाजूंना पसरते. कातडी लवचीक असेल तर तीही ताणली जाते. वाळलेली असेल तर कडेला फाटते. मागून उघडी चपला, फरशीवर अनवाणी तासन्‌तास उभं राहणं, वाढलेलं वजन, हिवाळ्यातली कोरडी हवा यांनी ती अधिक फाटते. आपल्याकडे स्वयंपाकघरात उभं कोण असतं, ते सांगायला नको.

पुष्कळांना वाटतं, पायाला पाणी लागलं म्हणजे ओलावा मिळाला. तसं नसतं. आमच्याकडे नमाजाआधी वजू करताना घोट्यापर्यंत पाय धुतात, टाच कोरडी राहिली तर वजू पुरा होत नाही. तरीही दिवसातून पाच वेळा भिजणाऱ्या टाचांना भेगा पडलेल्या मी मशिदीच्या हौदावर कितीतरी पाहिल्या आहेत. पाणी उडून जातं, आणि जाताना कातडीला आणखी कोरडं करून जातं. धुतल्यावर पाय टिपायचे, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा, आणि कातडी किंचित दमट असतानाच वर काहीतरी स्निग्ध लावायचं. सारी मेख या दोन-तीन मिनिटांत आहे. व्हॅसलीन ओलावा देत नाही, असलेला अडवून धरतं. म्हणून ते कोरड्या टाचेवर चोपडून फारसा उपयोग नाही.

रात्री कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय ठेवावेत. मग वजरीने किंवा खरखरीत दगडाने हलकेच घासावं. एका रात्रीत टाच गुळगुळीत करायला जाऊ नये, रोज थोडं थोडं पुरे. मग टिपून तेल किंवा मलम, आणि वर सुती मोजे. औषधाच्या दुकानात युरिया असलेली क्रीमं मिळतात. साध्या कोरडेपणाला दहा टक्क्यांचं चालतं, जाड टाचेला वीस-पंचवीस टक्क्यांचं लागतं. उघड्या भेगेवर ते झोंबतं. (शेतात टाकायच्या पोत्यातला युरिया मात्र यासाठी नव्हे, हे सांगितलेलं बरं!)

कोकणात याला घरचा उपाय म्हणजे कोकमाचं तेल. रातांब्याच्या बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळतात. वर तरंगणारा तवंग थंड झाला की घट्ट होतो, त्याचे गोळे वळतात. अम्मी असा गोळा पळीत वितळवून भेगांत सोडायची. उपाय चांगला आहे, पण कोमट असेल तरच. ब्लेडने कातडी तासणं आणि भेगेत बिब्बा घालणं हे दोन्ही बंद करावं. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, आणि भेगेची जखम होते.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला, ते सांगतो. भेग दुखते, आणि दुखते म्हणून आपण तिच्याकडे बघतो. मधुमेहात मात्र पायाच्या नसा बधिर होऊ शकतात. घाम कमी होतो, टाच वाळते, फुटते आणि दुखतच नाही! आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त मास्तरांनी असंच कढत तेल टाचेत ओतून घेतलं. त्यांना काही कळलं नाही. चौथ्या दिवशी मोज्याला पू लागलेला घरच्यांनी पाहिला. जखम भरायला चार महिने लागले. पाय वाचला, पण सगळ्यांचा वाचत नाही.

मधुमेही माणसाने पाय भिजत ठेवू नयेत, घरातही अनवाणी फिरू नये, पाण्याची ऊब कोपराने पाहावी, बोटांच्या बेचक्यांत क्रीम लावू नये. घासणं-तासणंही स्वतः करू नये, डॉक्टरांना दाखवावं. लाली, सूज, पू दिसला तर सकाळची वाटही पाहू नये. मधुमेह नसणाऱ्यांनीही भेगांतून रक्त येत असेल, किंवा एकाच पायाचं कातडं खवल्यांसारखं सुटून खाजत असेल, तर तपासून घ्यावं. ती नुसती कोरडी कातडी नसून बुरशी असू शकते. सोरायसिस किंवा मंदावलेलं थायरॉईडही कधी टाचेतून बोलतं.

मास्तरांना आता वाकवत नाही. सुरुवातीला त्यांनी तळव्याखाली आरसा धरून पाहिलं, पण हात थरथरतो. म्हणून रात्रीच्या बातम्या संपल्या की त्यांच्या पत्नी चष्मा लावून खाली बसतात आणि दोन्ही तळवे उजेडाकडे वळवून बघतात. मास्तर संकोचाने पाय मागे ओढतात, आणि त्या रोज त्यांना रागावतात.