मामलेदारला गेलात तर काय मागवायचं?

आज थेट ठाण्यात, मामलेदार मिसळीकडे. तहसीलदार कचेरीला लागून आहे म्हणून हे नाव. मामलेदार म्हणजे तहसीलदार, जुना शब्द.

तिथे खरा प्रश्न एकच: कमी तिखट, मध्यम की तिखट? आणि आपली पोरं मोबाइल चालू करून ‘तिखट!’ म्हणतात. अरे, रील अर्ध्या मिनिटाचं असतं, पोट दिवसभर सोबत असतं.

परवा माझा मावसभाऊ अकराच्या इंटरव्ह्यूआधी आला होता. पहिलाच इंटरव्ह्यू. ‘आपल्याला सवय आहे, तिखटच घेऊ.’ मी ऐकलं नाही, दोन मध्यम सांगितल्या. घाम त्यातही फुटला त्याला! पण वाटाणा, रस्सा, शेव सगळं वेगवेगळं लागलं. तिखटात मला तरी नुसती आग कळते.

म्हणून मध्यमच. वरचं फरसाण मऊ पडायच्या आत सुरू करा. लिंबू पिळा, थोडा कांदा मागे ठेवा. रस्सा संपला तर अजून मागा, लाजताय कशाला?

ताक मात्र मिसळीबरोबरच सांगा, ठसका लागल्यावर नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे ग्लासवर ग्लास पाणी पिऊन जीभ भाजतच राहते. ताकातलं केसीन त्याला धरून जिभेवरून काढतं.

पुणेकरांनो, बेडेकरांसारखे ब्रेडचे स्लाइस इथे नाहीत. पावच. यावर भांडण नको.

आणि पुढे इंटरव्ह्यू असेल, तर शर्टावर रुमाल आधीच लावा.