एका प्रश्नावर उभा असलेला सिनेमा

मोठ्या आंजीहून बोलतोय, जिल्हा वर्धा. मागच्या भागानंतर एकानं विचारलं, "भाऊ, पटकथा शिकायची तर सुरुवात कुठून करू?"

माझं उत्तर: 'सामना', १९७५. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. साखर कारखान्याचं गाव, तिथं हिंदुरावाचा शब्द म्हणजे कायदा. एक दारुडा मास्तर येतो, हिंदुरावच त्याला आसरा देतो. मग मास्तरच्या कानावर मारुती कांबळे हे नाव पडतं आणि तो विचारत सुटतो: त्या माणसाचं झालं काय?

मास्तरकडे ना पैसा, ना माणसं. फक्त प्रश्न. पण तो पुन्हा पुन्हा येतो आणि दरवेळी हिंदुराव थोडा अजून उघडा पडतो. सगळी पटकथा याच्यावर पुढं सरकते.

करून बघा. सिनेमा मोबाईलवर लावा, प्रत्येक प्रसंगानंतर थांबवा, वहीत दोन ओळी लिहा: कोणाला काय पाहिजे? आडवं कोण येतंय?

आणि तिसरी ओळ स्वतःसाठी. आपल्या गावात चारचौघांत कोणीच विचारत नाही, असा प्रश्न कोणता? मी माझा लिहून ठेवलाय. मोठ्यानं विचारायची हिंमत अजून झाली नाही.

भेटू पुढच्या भागात!