देव देतो, पण कोणाच्या हातून?



व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘संकटकाळी ईश्वरावरील भरवसा’ हा विषय आमच्याकडे सोपविला, तेव्हा आमच्या काही स्नेह्यांना नवल वाटले. ज्याचे आयुष्य फाटकसभा, मागणीपत्रे आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्या यांत गेले, त्याने देवाविषयी काय बोलावे? आम्ही शास्त्री नव्हे. जे वाचले ते पाळी संपल्यावर, युनियनच्या कचेरीतील दिव्याखाली. परंतु या विषयाशी आमची गाठ नेहमी पडते. कारखान्याला टाळे लागले म्हणजे पहिल्या आठवड्यात माणूस कायद्याची भाषा बोलतो. पुढे वाण्याने उधारी बंद केली की तो म्हणतो, “पांडुरंग काहीतरी करील.” त्याला काय उत्तर द्यावे? हे बोलणे हसण्यावारी नेणारा कार्यकर्ता संघटना बांधू शकत नाही. आणि नुसती मान डोलावणाऱ्याच्या हातूनही ती बांधली जात नाही.

आपल्या भाषेत या प्रश्नावर दोन म्हणी आहेत. एक सांगते, ज्याने चोच दिली तो चाराही देईल. दुसरी थट्टा करते, असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी. दोन्ही आपल्या आज्यांनीच आपल्याला शिकविल्या आणि त्यांना त्यांत विसंगती दिसली नाही. पाखराला चारा मिळतो हे खरे. पण तो घरट्यात येऊन पडत नाही, हेही खरेच.

या प्रश्नाचा उलगडा शोधायचा तर आम्ही मंगळवेढ्यास जाऊ. पंढरपुराहून हे गाव आठएक कोसांवर आहे. तेथे दोन गोष्टी घडल्या, असे परंपरा सांगते. पहिली १३३८ सालची. गावकुसाच्या भिंतीचे काम चालू होते. कामावर वेठीची माणसे होती आणि त्यांत चोखामेळा होता. भिंत कोसळली आणि मजूर तिच्याखाली गाडले गेले. चोखोबाइतका विठ्ठलावर भरवसा ठेवणारा माणूस आपण कोठून आणणार? तरीही भिंत थांबली नाही. बांधकामावर माणसे दगावलेली आम्ही पाहिली आहेत, म्हणून या कथेकडे आम्ही निराळ्या नजरेने पाहतो. श्रद्धा असली म्हणजे अपघात टळतो, असे वचन देवाने कोणासही दिलेले नाही. असे सांगणारा माणूस मेलेल्याच्या बायकोला काय तोंड दाखवील? ‘त्याची श्रद्धा कमी पडली’ असे म्हणेल? चोखोबाच्या बाबतीत असे म्हणण्याची कोणाची छाती आहे काय?

मात्र कथा तेथे संपत नाही. नामदेव मंगळवेढ्यास गेले, त्यांनी ढिगाऱ्यातून अस्थी शोधल्या आणि पंढरपुरास महाद्वारापाशी आणून समाधी बांधली. ज्याला देवळात पाऊल टाकू दिले नाही, त्याला एका सोबत्याने दारापर्यंत आणले.

दुसरी गोष्ट पंधराव्या शतकातली. बेदरच्या बहामनी सुलतानाचा अंमल, मंगळवेढ्यास दामाजीपंत हा कारभारी. दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून मरू लागली, आणि सरकारी कोठारे मात्र धान्याने भरलेली. दामाजीने कोठारे उघडली. बादशहाने त्याला धरून आणण्याचा हुकूम सोडला. तेव्हा विठू महार नावाचा एक माणूस धान्याची किंमत घेऊन बेदरला गेला, रक्कम भरली आणि रीतसर पावती घेतली. तो विठू म्हणजे साक्षात पांडुरंग, अशी ही कथा.

या पावतीवर आमचा फार जीव आहे. सरकारदरबारी पावतीवाचून काही खरे नसते, हे देवालाही ठाऊक होते! पण विनोद बाजूला ठेवू. कथेतला क्रम पाहा. आकाशातून धान्य पडले नाही. धान्य गावातच होते, कुलपात होते. प्रथम दामाजीने किल्ली फिरविली, आपली मान पणाला लावून. देव आला तो त्यानंतर. दामाजी कोठाराच्या दारात बसून नुसते नामस्मरण करीत राहिला असता, तर विठूला बेदरला जाण्याचे कारणच पडले नसते.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. ज्या माणसाचे रूप देवाने घेतले, त्या जातीच्या माणसांना पंढरपूरचे देऊळ खुले व्हायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. देव कोणाच्या रूपाने येईल हे ओळखण्यात आपण असे शतकानुशतके चुकतो.

आता देहूस येऊ. १६३० च्या सुमारास दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. तुकोबांचे वाण्याचे दुकान बुडाले, दिवाळे निघाले; त्यांची एक पत्नी अन्नान्न करीत गेली, मुलगाही गेला. लोकांकडे घेणे होते त्याची खते घरात होती. परंपरा सांगते की, त्यांनी धाकट्या भावाला त्याचा अर्धा वाटा दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. भावाच्या हक्काला हात लावला नाही, हेही ध्यानात घ्या. भरवसा याला म्हणतात. ज्याचा देवावर विश्वास बसला, त्याची पकड सैल झाली आणि तेवढ्यापुरते दुसऱ्याच्या गळ्यातले फास सुटले. भरवसा माणसाला आळशी करीत नाही, निर्भय करतो.

तिसरा दुष्काळ १९७२ चा. त्या वेळी माणसांनी नुसती दया मागितली नाही, काम मागितले. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे खडी फोडीत, बांध घालीत होती. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला या काळात बळ आले. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरातल्या पगारदारांच्या व्यवसायकरातून तिला पैसा पुरविला गेला. म्हणजे शहरातल्या कारकुनाने आपल्या पगारातून खेड्यातल्या मजुराची भाकर भागविली, आणि दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नाही. आमच्या मते दामाजीची किल्ली येथे कायद्यात उतरली. एका कारभाऱ्याच्या दयेवर जे अवलंबून होते, ते मजुराचा हक्क झाले.

तर टाळे लागलेल्या कारखान्याच्या फाटकाशी बसलेल्या आमच्या भावाला आम्ही काय सांगतो? सांगतो की, बाबा, पांडुरंगावरचा भरवसा सोडू नकोस. पण तो पोट भरण्याची हमी म्हणून ठेवू नकोस. चोखोबालाही ती मिळाली नव्हती. उद्या सकाळी पुन्हा फाटकावर यायचे बळ मिळावे म्हणून ठेव. शेजारच्याच्या घरी चूल पेटली की नाही, ते पाहा. वर्गणीचे पैसे वेळेवर दे, कारण संकट आल्यावर कोठार भरता येत नाही.

आणि ज्यांच्या हाती किल्ल्या आहेत, असे आपल्यापैकी जे कोणी येथे बसले असतील, त्यांना एवढेच विनवितो की, भुकेल्याला ‘देव देईल’ असे सांगण्यापूर्वी आपल्या कमरेची किल्ली एकदा चाचपून पाहा. देवाने देण्यासाठी कदाचित ती आधीच आपल्याकडे सोपविली असेल.